अंगावर पाच, अंथरुणात पंचाण्णव

हिंगोलीहून नांदेडकडे निघालं की कळमनुरीनंतर आखाडा बाळापूर लागतं. ‘आखाडा’ म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्तीची तालीम आठवते. इथल्या माणसाला आठवतो तो शेतातला गोठा. चार पत्रे, बैलांची दावण, गव्हाण, कडब्याची गंजी, सालगड्याची बाज, एका कोपऱ्यात पंप आणि औषधांच्या बाटल्या, आणि राखणीला एखादी कुत्री. ही कुत्री बहुतेक वेळा भादव्यात फळते. तिचे दिवस साधारण त्रेसष्ट, म्हणजे पिल्लं येतात कार्तिकात. तोवर सोयाबीनचं खळं झालेलं असतं आणि पत्र्याच्या आडोशाला कुटाराचा ढीग पडलेला असतो. मऊ, कोरडा, रात्री ऊब धरणारा. कुत्री तिथेच खड्डा करून व्यायते. तिच्या दृष्टीनं याहून चांगली जागा शिवारात नाही. पिसवांच्या दृष्टीनंही नाही.

दहा-बारा दिवसांनी पिल्लांचे डोळे उघडतात, तोवर त्यांच्या पोटावर तपकिरी ठिपके पळताना दिसू लागतात. लेकरं पिल्लं मांडीवर घेतात आणि पाय खाजवत घरी येतात. मग कुणीतरी म्हणतं, पंपात थोडं औषध उरलंय, मारून टाक. हे प्रकरण त्या क्षणासाठी लिहिलं आहे. हळदीच्या कंदमाशीसाठी आणलेलं क्विनॉलफॉस किंवा क्लोरपायरिफॉस पंपात उरलेलं असणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे, आणि ते पिल्लांच्या ढिगावर मारणं म्हणजे पिसवांबरोबर पिल्लंही मारणं.

आधी पिसू कशी जगते ते पाहू, कारण सगळा उपाय त्यात दडलेला आहे. आपल्याला दिसते ती उडी मारणारी, रक्त पिणारी, पूर्ण वाढलेली पिसू. कुत्र्याच्या अंगावरची मादी रक्त प्यायल्यानंतर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत घालते. अंडी पांढरी, गुळगुळीत, मिठाच्या कणाएवढी. ती केसांना चिकटत नाहीत; कुत्रं उठलं, अंग झटकलं, की खाली सांडतात. दोन ते दहा दिवसांत त्यांतून केसासारखी बारीक अळी निघते. ही अळी कुणाला चावत नाही. ती खाली पडलेली पिसवांची विष्ठा खाते, जी खरं तर वाळलेलं रक्तच असते. उजेड दिसला की ती खाली, आत, कुटारात, फटीत शिरते. आठवड्या-दोन आठवड्यांनी ती चिकट धाग्याचा कोष विणते, त्याला धूळ आणि भुसा चिकटतो आणि तो आसपासच्या मातीसारखाच दिसू लागतो. हवामान बरं असेल तर अंड्यापासून पिसूपर्यंतचा प्रवास तीन आठवड्यांत उरकतो.

एखाद्या जागी पिसवांचा संसार जमला, की त्यातल्या शंभरांपैकी पाचच, अंदाजे, पूर्ण वाढलेल्या आणि जनावराच्या अंगावर असतात. बाकी पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत खाली अंथरुणात असतात. म्हणून पिल्लू कितीही धुतलं आणि पुन्हा त्याच कुटारात ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी परिस्थिती जिथल्या तिथे. माझं म्हणणं एवढंच आहे की औषधाचा विचार पिल्लापासून सुरू न करता पिल्लू जिथे झोपतं त्या दोन हात सावलीपासून सुरू करावा. पिल्लाच्या अंगाला जितकं कमी लावावं लागेल तितकं बरं.

दोन हात सावली म्हणालो ते मुद्दाम. पिसवांच्या अळीला ओल लागते. हवेतली आर्द्रता निम्म्याच्या खाली गेली की ती सुकते, आणि पस्तीस अंशांच्या वर फार वेळ तग धरत नाही. आपल्या काळ्या रानावरचं उघडं ऊन हेच तिच्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध. उघड्या वावरात, वाटेवर, खळ्याच्या मधोमध पिसवांची पैदास होत नाही. तिथे फवारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. पैदास होते ती गव्हाणीच्या खाली, बाजेच्या खाली, उभ्या केलेल्या बैलगाडीच्या सावलीत, रचलेल्या पऱ्हाट्या-तुराट्यांच्या बुडाशी, ओट्याला लागून जिथे कुत्री रोज पाय पसरून पडते तिथे. एक दिवस कुत्री कुठे कुठे बसते ते पाहावं. तीन-चार जागा निघतात. तेवढंच आपलं रणांगण.

पिल्लांच्या बाबतीत घाई का करायची, तेही समजून घेऊ. बहात्तर मादी पिसवा मिळून दिवसाला सुमारे 1 मिली रक्त पितात. एक किलोच्या पिल्लात रक्त असतं जेमतेम 80 मिली. त्याच्या अंगावर दीडशे माद्या असतील तर रोज 2 मिली जातं. दहा दिवसांत पाव रक्त संपलं. पोटात आकडेकृमी असतील, आणि आपल्याकडच्या पिल्लांत ते बहुधा असतातच, तर तेही आतून रक्त पीत असतात. पिल्लू मग दूध ओढेनासं होतं, भावंडांच्या ढिगातून बाजूला पडतं, अंग गार लागतं. त्याचा ओठ वर करून हिरडी पाहावी. गुलाबी असेल तर वेळ आहे. पांढुरकी असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. 1962 या टोल फ्री क्रमांकावरही जनावरांसाठी मदत मागता येते.

खात्री करायची सोपी रीत आहे. पिल्लाच्या अंगाखाली पांढरं फडकं धरून केस उलटे चोळावेत. काळे कण पडले तर त्यांवर पाण्याचा थेंब टाकावा. माती असेल तर मातीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस वलय पसरतं. ते पिल्लाचंच रक्त असतं.

आता जे करू नये त्याकडे. इथे थोडं थांबतो, कारण पिल्लं पिसवांनी मरतात तशी उपायांनीही मरतात. रॉकेल चोळणं, जळकं ऑइल फासणं, तंबाखूचं पाणी, फिनेल, पोत्यात डांबरगोळ्या टाकणं, लसूण वाटून लावणं, हे सगळं मी लोकांच्या तोंडून ऐकलेलं आहे आणि सांगणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण रॉकेलनं कोवळी कातडी भाजते आणि चाटताना ते फुप्फुसात उतरतं. तंबाखूतलं निकोटिन स्वतःच कीटकनाशक आहे, आणि पिल्लासाठी ते जहर आहे. डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. ज्या पिल्लाचं रक्त आधीच कमी झालंय त्याला ते देणं किती वाईट, हे सांगायला नको. लसूणही कुत्र्याच्या रक्तावर तोच परिणाम करतो.

पिल्लाचं शरीर लहान कुत्र्याचं शरीर असं समजणं ही मूळ चूक आहे. वजनाच्या मानानं त्याची कातडी खूप, आणि पातळ. त्यातून औषध लवकर आत जातं. विष मोडणारं यकृत अजून तयार झालेलं नसतं. पहिले काही आठवडे ते स्वतःचं अंग गरमही राखू शकत नाही. शिवाय आई त्याला दिवसभर चाटते आणि ते आईच्या सडांना लुचतं. पिल्लाला लावलेलं आईच्या पोटात जातं, आईला लावलेलं पिल्लाच्या.

शेतीच्या औषधांची गोष्ट आणखी गंभीर आहे. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट या दोन्हींवर केंद्र सरकारच्या 2018 च्या आदेशानं 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आली. तरी जुनी बाटली, जुना पुडा आखाड्याच्या वळचणीला सापडतोच. त्याआधीच्या पिढीनं गोठ्यात बीएचसीची भुकटी धुरळली. तीही 1997 पासून बंद आहे. डायक्लोरव्हॉस, फोरेट, क्विनॉलफॉस आणि क्लोरपायरिफॉस ही जवळपास एकाच पद्धतीनं काम करतात, मज्जातंतूंचा संदेश थांबवणारी यंत्रणाच बंद पाडतात. लाळ गळते, हगवण लागते, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, अंग थरथरतं, श्वास अडकतो. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. धडधाकट माणसाची ही गत, तर पाऊण किलोच्या जिवाचं काय? असं काही दिसलं तर पिल्लू साबणाच्या कोमट पाण्यानं धुवावं, आपल्या हातात मोजे असावेत, आणि बाटलीसकट पशुवैद्यकाकडे जावं. बाटलीवरचं नाव वाचून त्यांना अॅट्रोपिनचा उतारा द्यायचा की नाही हे ठरवता येतं.

एक फसगत खास सांगण्यासारखी आहे. कुत्र्यांच्या फवाऱ्यात फिप्रोनिल असतं, शेतीच्या बाटलीतही फिप्रोनिल असतं. मग तेच पातळ करून का वापरू नये? कारण कुत्र्याच्या फवाऱ्यात ते 0.25 टक्के असतं आणि शेतीच्या बाटलीत 5 टक्के, म्हणजे वीस पट. त्यातले बाकीचे घटकही पानावर पसरण्यासाठी असतात, कातडीसाठी नाही. गाई-बैलांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनलाही हेच लागू. अमिट्राझ चार महिन्यांखालच्या पिल्लांना लावायचं नसतं. आणि आखाड्यावर मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे थेंब आणूच नयेत. त्या कुत्र्याला बिलगून झोपलेलं मांजर त्यानं मरू शकतं.

मग पिल्लाला काय करायचं? घरात ऊ-लिखांची बारीक दातांची फणी असते ना, तीच. एक फणी पिल्लांसाठी वेगळी काढावी. वाटीत कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. मानेपासून शेपटीकडे फणी फिरवायची आणि प्रत्येक वेळी वाटीत बुडवायची. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून पळते. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि ती बुडते. दिवसातून दोनदा, दुपारच्या उन्हाच्या वेळी. महिन्याच्या आतल्या पिल्लांसाठी याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही. पिसवा फारच असतील तर आंघोळ घालावी, पण आधी मानेभोवती फेसाचं कडं करून घ्यावं, नाहीतर अंग भिजताच त्या सगळ्या तोंडा-कानांकडे धावतात. पाणी मनगटाला कोमट लागेल इतकंच. पाच मिनिटांत उरकून लगेच सुक्या फडक्यानं पुसून, कोरडं करून आईजवळ द्यावं. मार्गशीर्षातल्या थंडीत ओलं पिल्लू सोडलं तर पिसवांपासून वाचवून गारठ्यानं घालवल्यासारखं होईल.

औषध लागलंच तर ते आधी आईला. पिसवांचा कारखाना तिच्या अंगावर चालतो. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीला कोणतं चालेल हे पशुवैद्यकाकडून विचारून घ्यावं आणि लावल्यावर ती पूर्ण सुकेपर्यंत पिल्लं वेगळी ठेवावीत. फिप्रोनिलच्या 0.25 टक्के फवाऱ्याच्या काही लेबलांवर दोन दिवसांच्या पिल्लापासून परवानगी असते, पण मानेवर टाकायचे थेंब आठ आठवड्यांनंतरचे. वय आणि वजन लेबलवर पाहावं. अंदाजानं अर्धा डोस ही पद्धत सोडावी.

आणि आता ती दोन हात सावली. सकाळी ऊन आलं की आईसह पिल्लं टोपल्यात घालून दुसरीकडे हलवावीत. जुनं कुटार सगळं उचलावं. ते नुसतं बाजूला फेकलं तर पिसवांना नवं घर मिळतं. उकिरड्याच्या पोटात खोल पुरलं तर कुजण्याच्या उष्णतेनं अंडी-अळ्या मरतात. जमीन खराट्यानं खरवडून झाडावी, उंदरांची बिळं बुजवावीत, बाजूचं गाजरगवत उपटावं आणि ती जागा दोन-तीन दिवस उन्हाला उघडी ठेवावी. गाडी हलवता येते, बाजही हलवता येते. नवं अंथरूण कुटाराचं न करता विटांवर फळी ठेवून त्यावर पोतं टाकावं, दोन पोती आलटून पालटून. दर चार-पाच दिवसांनी एक उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात टाकायचं. एवढ्यानंच निम्म्याहून जास्त काम होतं, आणि या कामाचं कुणाला विष चढत नाही.

गोठा फवारावाच लागतो, हे मला मान्य आहे. 2022 मध्ये गुरांत लम्पी आजार आला तेव्हा माश्या, डास, गोचीड यांच्यासाठी गोठे फवारा असं गावोगाव सांगितलं गेलं आणि ते बरोबरच होतं. फक्त त्या दिवशी पिल्लं, कोंबड्या, पाण्याची भांडी बाहेर असावीत आणि जमीन पूर्ण वाळल्याशिवाय कुणी आत येऊ नये. फवारा फटींत आणि सावलीच्या कडांना द्यावा. आणि फवारल्यावरही दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसल्या तर औषध बनावट म्हणून दुप्पट मारू नये. कोषाच्या आत औषध पोचत नाही. त्या कोषांतून निघून संपेपर्यंत झाडणं चालू ठेवायचं असतं.

अळ्या वाढूच न देणारी औषधंही आता आहेत, आणि त्यांचा शोध मोठा सुरस आहे. 1960 च्या दशकात कारेल स्लामा हा चेक शास्त्रज्ञ आपल्याबरोबर ढेकणांच्या जातीचे लाल किडे घेऊन अमेरिकेत हार्वर्डला कॅरोल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत गेला. युरोपात नीट वाढणारे हे किडे तिथे मोठे होईनात. पिल्लूपणातच अडकून मरू लागले. शोध घेता घेता दोघं पोचले ते किड्यांच्या डबीत घातलेल्या कागदापर्यंत. अमेरिकन कागद ज्या बाल्सम फर झाडापासून होतो, त्या झाडात किड्यांच्या बाल्यावस्थेच्या संप्रेरकासारखं द्रव्य होतं. झाडानं किड्यांना कायम लहान ठेवायची युक्ती शोधली होती. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन ही औषधं याच तत्त्वावर आहेत. हे संप्रेरक सस्तन प्राण्यांत नसतंच, म्हणून पिल्लांच्या आसपास ती सगळ्यांत कमी धोक्याची. मेथोप्रीन उन्हात लवकर विरतं, पायरिप्रॉक्सिफेन जास्त टिकतं. उड्या मारणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या पिसवांना ती मारत नाहीत. आज फवारलं आणि उद्या फरक, असं होत नाही. धीर लागतो.

गोचिडाची तऱ्हा वेगळी. कुत्र्याचा तपकिरी गोचीड रक्तानं टम्म झाला की खाली पडतो आणि वर चढतो, भिंतीच्या भेगेत, पत्र्याच्या सांध्यात, लाकडाच्या सालीखाली. तिथे एक मादी तीन-चार हजार अंडी घालते. म्हणून पिसवांसाठी जमीन झाडायची, गोचिडांसाठी भिंत लिंपायची. शेणामातीनं भेगा भरून वर चुन्याचा हात दिला की त्यांची घरं बंद होतात. चुना ओला असेपर्यंत पिल्लं लांब. अंगावरचा गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा. नखावर चिरडू नये. गोचिडातून कुत्र्याला एर्लिचिया, बबेशिया होतो; आणि जनावरांवरच्या काही गोचिडांतून माणसाला जीवघेणा काँगो ताप होतो, 2011 मध्ये गुजरातेत त्यानं माणसं गेली. गावरान कोंबड्या गोचीड वेचून खातात, हे खरं आहे आणि उपयोगी आहे. पण कोंबडीच्या तोंडाला चिकटून राहणारी एक पिसू असते, ती पिल्लांच्या कानांवर येते. म्हणून खुराडं पिल्लांच्या अंथरुणाला लागून नसावं.

पिल्लं सहा-सात आठवड्यांची होऊन हुंदडू लागली की धोका बदलतो. आता ती काहीही खातात. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केली आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मराठवाडाभर माहीत झाल्या. या गोळ्या खाण्याजोग्या बनवलेल्या असतात आणि कुत्र्यालाही त्या आवडतात. तासा-दोन तासांत झटके सुरू होतात, अंग तापतं, आणि त्यावर नेमका उतारा नाही. मक्याच्या लष्करी अळीसाठी भाताचा कोंडा, गूळ आणि थायोडीकार्ब कालवून करतात ते आमिष, उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड लावलेले भजे, हीही कुत्र्याला तशीच घातक. आमिष जिथे टाकलंय ते आखाड्यावरच्या प्रत्येकाला माहीत असावं, आणि उंदरांचं आमिष बिळाच्या आत असावं. औषधाची पेटी कुलपात आणि पिल्लांच्या उंचीच्या वर. पंप धुतलेलं पाणी कुत्री पितात त्या खड्ड्यात जाऊ देऊ नये.

पिसवांतून एक टेपवर्मही येतो. पिल्लू दातांनी पिसू चावून गिळतं आणि काही आठवड्यांनी त्याच्या शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसतात. तशीच पिसू चुकून लेकराच्या तोंडात गेली तर लेकरालाही होतो. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध सुरू करावं ते इतर जंतांसाठी; या टेपवर्मचं औषध वेगळं असतं, ते मागून घ्यावं.

पिसू म्हटलं की मराठवाड्यात जुन्या माणसांना 1994 आठवतं. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घराघरांत पिसवा झाल्या, उंदीर मेले आणि मग काखेत-जांघेत गाठी आलेले रुग्ण निघाले. ती उंदरांवरची पिसू, कुत्र्यावरची नव्हे. तरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की माणसांना ताप येण्याआधी पिसवांची तक्रार आली होती. कुत्रं नसलेल्या घरात एकाएकी पिसवा वाढल्या आणि आसपास उंदीर मरून पडले, तर आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावं, आणि मेलेल्या उंदराला हात लावू नये.

उन्हाळ्यात हळद शिजवून, वाळवून झाली की बरेच आखाडे महिना-दीड महिना रिकामे पडतात. कुत्री गावात येते, पिल्लं वाटली गेलेली असतात. मृगाचा पाऊस झाला की माणसं परत मुक्कामाला जातात आणि पहिल्याच संध्याकाळी पिंढऱ्या पिसवांनी भरतात. लोकांना वाटतं पावसानं पिसवा आल्या. त्या तिथेच होत्या, कोषात. पूर्ण तयार झालेली पिसू कोषात महिनोन्‌महिने थांबते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि उच्छ्वासातला कर्बवायू जाणवला की काही क्षणांत बाहेर येते. म्हणून मुक्कामाच्या दोन दिवस आधी एकट्या मोठ्या माणसानं जावं. पांढरा पायजमा घालावा, तो मोज्यांत खोचावा. काठीनं जमीन, बाज, गव्हाण सगळं धोपटावं आणि पायजम्यावर किती ठिपके चढतात ते पाहावं. फडक्यानं ते साबणाच्या बादलीत झटकून खराटा घ्यावा. रात्री सावलीच्या जागी साबणाच्या पाण्याची पांढरी ताटली ठेवून तिच्यावर बॅटरी लटकवावी. उजेडाकडे उड्या मारून त्या पाण्यात पडतात. सकाळी ताटलीतल्या मोजाव्यात. दुसऱ्या सकाळी पुन्हा. आकडा दोन-तीनवर आला, की कुत्रीला आणि लेकरांना घेऊन जावं.